दुसऱ्यांची नावं राखणारे चौबळसर

श्री. यशवंत चौबळ यांची आणि माझी पहिली भेट दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका ऑफिसात झाली, आणि त्या भेटीत त्यांनी माझी चांगलीच फजिती केली. मी इंटरव्ह्यूला गेले होते. कंपनी इंटरनेटवरची नावं नोंदवून देणारी होती. अशा कंपनीला रजिस्ट्रार म्हणतात. दुकानाची, कारखान्याची किंवा एखाद्या मंडळाची वेबसाइट काढायची असेल, त्या नावाचे ईमेल हवे असतील, तर ते नाव आधी रजिस्ट्रारकडे नोंदवावं लागतं. सर तिथे कायदा आणि नियमपालन या विभागाचे प्रमुख होते. मुंबईहून कॉम्प्युटरची पदवी मिरवत आलेल्या मला त्यांनी एकच प्रश्न विचारला. "डोमेन नेम म्हणजे काय, ते तुमच्या आईंना समजेल असं सांगा." मी सर्व्हरपासून सुरुवात केली आणि कुठल्या कुठे जाऊन पोहोचले. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आई झोपल्या."

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की तिथे एक खडूस गृहस्थ बसलेत, ती नोकरी विसर. थोड्याच दिवसांत कंपनीचं पत्र आलं. पुढे कळलं की माझ्या अर्जावर सरांनीच शेरा मारला होता, "समजावता येत नाही, पण न आलेलं येतं म्हणत नाही. घ्यावी."

त्याच सरांना आता पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि आपलं इथलं मराठी मंडळ त्यांच्या गौरवार्थ हा ग्रंथ काढत आहे. लेख मागताना संपादकांनी मला फार गोड शब्दांत बजावलं, "मृणालताई, जुन्या वादाचं काही नको हं." संपादकमहाशय, तुमचा मान राखून सांगते, तो भाग वगळला तर सरांविषयी लिहायला इस्त्रीचे शर्ट आणि वक्तशीरपणा एवढंच उरतं. त्यासाठी ग्रंथ कशाला हवा? त्यामुळे जे घडलं ते मी लिहिणार आहे. कुणाचं नाव घ्यायचं नाही एवढं पथ्य मात्र पाळते.

सरांची कामाची पद्धत आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. एखाद्या नावाचा मालक बदलायची विनंती आली की आमच्याकडे नोंदीतल्या मूळ मालकाला फोन करावा लागे. माणूस फोनवर आला पाहिजे, त्याने स्वतःच्या तोंडाने हो म्हटलं पाहिजे, मगच नाव दुसरीकडे जाणार. हा नियम सरांनी लिहिलेला होता आणि कंपनीने तो ग्राहकांशी केलेल्या करारात घातला होता. अबूधाबीबाहेरच्या मुसफ्फा या वर्कशॉपच्या वस्तीतल्या एका गॅरेजवाल्या पठाणाने एकदा वैतागून सरांना फोनवरच झापलं, "यल्ला भाई, कितना पूछेगा? एक बार बोला ना!" सर शांतपणे म्हणाले, "गुस्सा करो खानसाब, लेकिन पूरा नाम बोलके गुस्सा करो." पलीकडे खानसाहेब हसायला लागले ते मलाही ऐकू आलं.

आम्हा नव्या मुलींना ते सांगत, "आपण नावं विकतो असं समजू नका. लोकांनी आपल्याकडे सांभाळायला दिलेली आहेत." आम्ही मान डोलवायचो आणि बाहेर येऊन त्यांची नक्कल करायचो.

मग दोन हजार आठ सालची मंदी आली. ज्यांनी ती इथे काढली त्यांना सांगायला नको. आठवडा संपताना दर गुरुवारी ऑफिसात कुणाचा तरी निरोप असायचा. सुरुवातीला केक यायचा, मग नुसता समोसा, मग तोही बंद झाला. लोक मागच्या दाराने निघून जायला लागले. मालक बदलताना फोन करणाऱ्या आमच्या दोन मुली त्याच काळात गेल्या. कामाचा ढीग साचला, तेव्हा वरून कुणीतरी तोड काढली. नोंदीत "मालकाशी बोलून खात्री केली" असा एक रकाना होता. तो आता संगणक आपोआप भरायला लागला. फोन कुणी करेना, पण रकान्यात मात्र "होय." सरांनी लेखी हरकत घेतली. उत्तर आलं की ही तात्पुरती व्यवस्था आहे.

सरांच्या घरची परिस्थिती तेव्हा काय होती हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. मंदीच्या आधीच वहिनी आजारपणात गेल्या होत्या. मुलगी कॅनडात. ती सुट्टीच्या दिवशी फोन करी. सर मराठीत विचारत आणि ती इंग्रजीत उत्तर देई, "आय ॲम फाइन बाबा, आर यू ईटिंग वेल?" सर म्हणत, "हो गं, पोटभर." मग फोन ठेवून दुपारी दुबईच्या करामा भागातल्या एखाद्या हॉटेलात एकटेच जेवत. मी एकदा काचेतून त्यांना पाहिलं होतं. समोरच्या रिकाम्या खुर्चीवर त्यांनी आपली पिशवी नीट ठेवली होती.

त्यांचं खरं घर म्हणजे आपलं मंडळ. शुक्रवारची भजनं, कोजागिरी, दिवाळीचा फराळ आणि सगळ्यांत मोठा गणपती. आरती संपली की मंत्रपुष्पांजली सरांनीच म्हणायची हा वर्षानुवर्षांचा रिवाज होता. त्यांचा आवाज काही गोड नाही, पण खणखणीत आहे, आणि एक अक्षर इकडचं तिकडे होत नसे. मला वाटतं, वहिनींच्या मागे वर्षातले तेवढेच दिवस ते मोकळेपणाने श्वास घेत असावेत.

आता सुलभाताई पानसे यांच्याविषयी. त्यांचं आणि श्रीकांतरावांचं मुसफ्फात स्वयंपाकघर होतं. वर्कशॉपच्या कँटीनपासून अबूधाबीतल्या ऑफिसांपर्यंत त्यांचं जेवण जाई. ऑर्डरी, टेंडरं, तक्रारी, सगळं "पानसे किचन" या नावाच्या ईमेलवर येई. ते नाव नोंदवून दिलं होतं आपल्या संदेशने. संदेश एका बांधकाम कंपनीत आयटी सांभाळायचा आणि मंडळात कुणालाही वेबसाइट हवी असली की फुकटात करून द्यायचा. आपल्या लोकांची रीत तुम्हांला माहीत आहे. घरचाच माणूस आहे म्हटल्यावर कागद कोण बघतो? संदेशने प्रत्येक नाव स्वतःच्या ऑफिसच्या ईमेलवर नोंदवलं होतं, कारण त्याला ते सोपं पडे. त्यात त्याचा काडीचाही स्वार्थ नव्हता.

मंदीत संदेशची कंपनी बुडाली. व्हिसा रद्द झाला आणि तो सांगलीला परत गेला. त्याच्या कंपनीचं स्वतःचं इंटरनेटवरचं नाव कुणी वर्षाची फी भरून नूतनीकरण न केल्यामुळे मोकळं झालं. ते कुणा भामट्याने विकत घेतलं, त्यावर संदेशच्या नावाची मेलपेटी पुन्हा उघडली आणि आमच्या कंपनीला कळवलं की मी पासवर्ड विसरलो. नवा पासवर्ड आमच्या यंत्रणेने त्याच्या हातात दिला. त्याने "पानसे किचन"चा मालक बदलला आणि नाव परदेशातल्या दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेऊन ठेवलं. नोंदीत पानशांचा फोन नंबर होता. एक फोन केला असता तर सगळं तिथेच थांबलं असतं. पण रकान्यात संगणकाने "होय" भरलं होतं.

सुलभाताई आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांची तक्रार माझ्याकडे होती. मी त्यांना सरांकडे नेलं. त्या बसल्यासुद्धा नाहीत.

"सर, मी रडायला नाही आलेय. कालपासून माझे कस्टमर मला मेल करतायत आणि भलताच कुणीतरी त्यांना रिप्लाय देतोय. माझ्या नावाने! एका कंपनीने कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल केलंय. श्रीकांत म्हणतो, नवीन नाव घेऊ. का घेऊ? सांगा ना, माझं नाव माझं आहे की नाही?"

"तुमचंच आहे," सर म्हणाले. "आधी बसा. मृणाल, पाणी आण."

"मग परत कधी मिळेल?"

"ते आज सांगता येणार नाही. पण चूक कुठे झाली ते मी शोधतो आणि जे सापडेल ते तुम्हांला खरं सांगतो."

सरांना ते संध्याकाळच्या आत सापडलं. परदेशातल्या रजिस्ट्रारने कळवलं की मूळ रजिस्ट्रारने, म्हणजे आम्ही, "आमच्याकडून खात्री न करता नाव सोडलं गेलं" असं लेखी दिलं तर ते नाव परत करतील. नाही तर पानशांनी परदेशात वकील लावून भांडत बसावं. म्हणजे सगळी किल्ली आमच्या हातात होती. अशा वादात कंपनीच्या वतीने सही करण्याचा अधिकार सरांना होता.

दुसऱ्या दिवशी डायरेक्टरांनी आम्हांला आत बोलावलं. ते मराठीच. मंडळाचे मोठे देणगीदार. गणपतीच्या मांडवातला सर्वांत मोठा फलक त्यांचा असे. त्या खोलीत आम्ही तिघेच होतो, आणि तिथे झालेलं बोलणं मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

"चौबळसाहेब, एक लाइन लिहायची आहे. व्हेरिफिकेशन डन ॲज पर सिस्टीम. खलास."

"सिस्टीमने फोन केलेला नाही," सर म्हणाले.

"अहो, पासवर्ड सांभाळणं कस्टमरची जबाबदारी. ॲग्रीमेंटमध्ये क्लिअर लिहिलंय."

"मान्य. त्याच ॲग्रीमेंटमध्ये मालकाला फोन करायची जबाबदारी आपली लिहिली आहे. त्यांची चूक असेल ती असेल. आपली आपण कबूल करायची."

"एकदा कबूल केलं की उद्या प्रत्येक जण तेच लेटर कोर्टात नाचवेल. कंपनी आधीच कशी चाललीय ते दिसतंय ना तुम्हांला? तुम्ही कस्टमरचे वकील आहात की आमचे?"

"तुमचाच. म्हणून सांगतोय. चोर शोधायला पोलीस आहेत साहेब. पण दार आपण उघडं टाकलं होतं, हे आपल्याशिवाय कुणाला सांगता येणार?"

डायरेक्टर खुर्चीत मागे रेलले. "या वयात दुसरी नोकरी मिळेल? व्हिसा मिळेल? इन्शाल्ला?"

सरांची साठी जवळ आली होती आणि भर मंदी होती. नोकरी गेली म्हणजे व्हिसा गेला, व्हिसा गेला म्हणजे हा देश गेला. आणि या देशात त्यांचं जे काही उरलं होतं ते म्हणजे तुम्ही सगळे. मला हे तेव्हाही समजत होतं.

"मिळणं कठीण आहे," ते म्हणाले आणि उठले.

आपल्या टेबलाशी जाऊन त्यांनी पत्र लिहिलं. फोन केला नव्हता, रकाना संगणकाने भरला होता, नाव चुकीने सोडलं गेलं, एवढाच मजकूर. कुणावर आगपाखड नाही. सही केली, मला वाचायला दिलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि पाठवून दिलं.

"पानसे किचन" हे नाव काही आठवड्यांनी परत आलं. सुलभाताईंनी मला फोन केला. त्या नुसतं "आलं गं, आलं" म्हणत होत्या. आमच्या कंपनीनेही गुपचूप तो आपोआप भरणारा रकाना बंद करून फोन करायला माणूस नेमला. सर मात्र तोवर नोटिशीवर होते.

त्या नोटिशीच्या दिवसांत त्यांना कुणी काम देत नव्हतं. चार्ज देऊन बसून राहा, एवढाच हुकूम होता. सरांनी काय केलं? संदेशने मंडळातल्या आणखी कुणाकुणाची नावं त्याच ईमेलवर नोंदवली होती ते शोधून काढलं आणि एकेकाला फोन करून ती स्वतःच्या ईमेलवर बदलून घ्यायला लावली. भामटा तिथवर पोहोचायच्या आत हे करायचं होतं. दुबई मरीनातले एक सल्लागार चिडून म्हणाले, "सर, आय ॲम इन अ मीटिंग." सर म्हणाले, "मीटिंग होऊ द्या, मी थांबतो." आणि खरोखरच थांबले. हा ग्रंथ वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या धंद्याचं नाव आज त्यांच्याच मालकीचं आहे ते त्या फोनांमुळे. काहींना हे आज पहिल्यांदाच कळत असेल.

त्यांनी सांगलीला संदेशलाही फोन केला. तो बिचारा तोंड लपवून बसला होता, पानशांचा फोनही घेत नव्हता. सर त्याला म्हणाले, "तू चांगल्या मनाने केलंस. चूक तुझी होती, त्यांची होती आणि सगळ्यांत मोठी आमची होती. तू एकट्याने डोक्यावर घेऊ नकोस. सुलभाताईंशी बोल." संदेश बोलला. आज तो सांगलीत स्वतःचा व्यवसाय करतो आणि सरांचं नाव काढलं की त्याचा आवाज बदलतो.

त्यानंतर गणपती आले. मी मांडवात पोहोचले तेव्हा डायरेक्टरांचा फलक नेहमीच्या जागी होता. आरतीच्या आधी कार्यकारिणीतले एक जण सरांजवळ गेले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, यंदा मंत्रपुष्पांजलीला जरा तरुणांना चान्स देऊ या." सर म्हणाले, "अवश्य." कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. आपण मंडळी सभ्य आहोत. मंत्रपुष्पांजली एका उत्साही तरुणाने म्हटली आणि मध्येच अडखळला. मागे चपलांपाशी उभे राहून सर ओठातल्या ओठात ती पूर्ण करत होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माझ्याकडे न बघता ते हळूच म्हणाले, "तू पुढे जा, तुझी नोकरी अजून तिथे आहे." मी गेले नाही. मला त्या दिवशी आपल्या सगळ्यांचा भयंकर राग आला होता आणि खरं सांगायचं तर तो पुरता गेलेला नाही.

महाप्रसादाला त्यांच्या पंगतीत शेजारची पानं रिकामी राहिली. शुक्रवारच्या भजनाचा निरोप त्यांना यायचा बंद झाला. विचारलं की उत्तर मिळे, "अरे, राहूनच गेलं."

सुलभाताईंनी त्यांना आपल्या कंपनीत नोकरी आणि व्हिसा देऊ केला. सरांनी नकार दिला. "मी तुमच्याकडे आलो तर लोक म्हणतील, त्या सहीचा मोबदला घेतला. मग त्या पत्राची किंमत राहणार नाही." मी चिडून म्हटलं, "लोक असंही काय तुमच्याकडे येतायत, सर?" ते हसले. शेवटी एका मलबारी गृहस्थांनी आपल्या टायपिंग सेंटरवर त्यांना ठेवून घेतलं. सरकारी अर्ज, करारपत्रं टाइप करून देणारं छोटंसं दुकान. मालकांची आणि सरांची जेमतेम ओळख. ना भाषा एक, ना धर्म. त्यांनी एवढंच विचारलं, "साब, आप सच लिखा, इसलिए निकाला?" सर म्हणाले, "हां." "तो कल से आ जाओ."

तिथे सरांनी पुढची कितीतरी वर्षं काढली. नाव चोरीला गेलेली माणसं त्यांना शोधत येत आणि सर त्यांना समजावत की रजिस्ट्रारला काय विचारायचं, कुठला करार मागायचा, "आमची जबाबदारी नाही" हे उत्तर कधी मान्य करायचं आणि कधी नाही. आज मी त्याच क्षेत्रात एका विभागाची प्रमुख आहे आणि माझ्याकडे एकही नाव मालकाशी बोलल्याशिवाय हलत नाही. हे माझं शहाणपण नव्हे, सरांकडून उचललेलं आहे.

हळूहळू मंडळाची मंडळीही सरांकडे जाऊ लागली. जुने डायरेक्टर भारतात परतले, फलक बदलले, राग विरला. लोक करार दाखवायला आले, व्हिसाचे अर्ज तपासून घ्यायला आले, मुलांच्या ॲडमिशनचे कागद घेऊन आले. सरांनी कुणालाही परत पाठवलं नाही. काम झालं की लोक "थँक्यू सर, भेटूच" म्हणून निघत. चहालाही कुणी थांबत नसे.

या लेखासाठी मी मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेले. आता ते निवृत्तांच्या व्हिसावर एका खोलीच्या घरात राहतात. घर लख्ख, दोन कप, दोन ताटं. मी विचारलं, "सर, शाल नको, श्रीफळ नको, थैली नको म्हणताय. मग मंडळाने तुम्हांला द्यायचं तरी काय?"

त्यांनी दोन्ही कपांत चहा ओतला. मग म्हणाले, "मृणाल, दारावरची बेल वाजली की मी आधी टेबल रिकामं करतो. येणाऱ्याच्या हातात कागद असणारच. माझी तक्रार नाही. पण एकदा कुणीतरी नुसतं हात हलवत यावं. बसावं. काय वाटेल ते बोलावं आणि जावं."

मी वही मिटून पर्समध्ये ठेवली.

म्हणून मंडळींनो, सरांना दीर्घायुष्य चिंतताना माझा हात थोडा अडखळतो. एकट्या माणसासाठी आणखी पंचवीस वर्षं मागायची, तर ती त्याच्याबरोबर कोण काढणार याचाही विचार आपणच करायला हवा. सर, तुमची प्रकृती ठणठणीत राहो, आवाज असाच खणखणीत राहो, तुम्ही शंभरी पाहा. येत्या रविवारी दुपारी मी येते आहे. काम काहीच नाही.